निकाल दुपारी एकला लागतो, त्या दिवशी घरात काय करायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले की आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांत पुढच्या प्रवेशांची माहिती भरभरून येते. अकरावीची प्रवेशप्रक्रिया, शाखा कोणती घ्यावी, कागदपत्रं कोणती लागतात, हे सगळं हवंच. पण दुपारी एक वाजता निकाल दिसतो तेव्हापासून रात्री मूल झोपेपर्यंत घरात काय होतं, याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना निकालानंतर जूनभर जी मुलं समोर येतात, त्यांच्या बोलण्यात टक्केवारी थोडी असते. त्या दुपारी आई काय म्हणाली, बाबा कसे गप्प बसले, मामाच्या फोनवर काय बोलणं झालं, हेच जास्त असतं. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, जागेअभावी कापावं लागलं तर सुरुवात कापा, मधला भाग ठेवा.

राज्य मंडळाच्या २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी बसले आणि ९४.१० टक्के उत्तीर्ण झाले. हा आकडा मथळ्यात छान दिसतो. उरलेले पावणेसहा-सहा टक्के म्हणजे नव्वद हजारांहून अधिक मुलं. आणि उत्तीर्णांमध्येही ‘फक्त’ बासष्ट टक्के, ‘फक्त’ चौऱ्याऐंशी टक्के मिळालेली असंख्य मुलं असतात. ‘फक्त’ हा शब्द मंडळाच्या गुणपत्रिकेवर कुठे छापलेला नसतो, तो घरात जोडला जातो.

तयारी आदल्या आठवड्यात करायची, निकालाच्या दिवशी सकाळी नाही. निकालाची तारीख मंडळ एक-दोन दिवस आधी जाहीर करतं, त्यामुळे तारखेची वाट पाहत बसलं तर वेळ उरत नाही. एका निवांत संध्याकाळी मुलालाच कागदावर तीन आकडे लिहायला सांगावेत: त्याला स्वतःला किती अपेक्षित आहेत, त्याहून दहा-बारा टक्के कमी पडले तर किती होतील, आणि एखादा विषय राहिला तर काय. प्रत्येक आकड्यासमोर ‘मग पुढे काय’ हे त्यानेच लिहायचं. पालकांनी या वेळी बोलायचं कमी आणि माहिती पुरवायची: अमुक टक्क्यांना गेल्या वर्षी जवळच्या कोणत्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत तात्पुरता प्रवेश घेता येतो, पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, आयटीआयच्या काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश मिळतो. मुलाच्या मनातली भीती बहुतेक वेळा ‘कमी पडले तर सगळं संपलं’ अशा बिनआकड्याची असते. कागदावर तिला कडा येतात.

बहुतेक पालक याऐवजी काय करतात? ‘कितीही पडू देत, आम्हाला चालतील’ असं म्हणून मोकळे होतात. हेतू चांगलाच असतो, पण मूल त्यावर विश्वास ठेवत नाही. जानेवारीत सराव परीक्षेला ७० पडले तेव्हा याच घरात दोन दिवस अबोला झालेला असतो. मुलांची स्मरणशक्ती अभ्यासात कमी पडली तरी या बाबतीत कधी कमी पडत नाही. त्यापेक्षा खरं सांगावं: ‘कमी पडले तर मला वाईट वाटेल, तासभर मी गप्प बसेन कदाचित. पण त्यासाठी तुला बोलणार नाही आणि संध्याकाळी आपण एकत्र जेवू.’ मर्यादित आणि पाळता येईल असं वचन मुलाला खरं वाटतं.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. ऑनलाइन निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव, एवढंच पुरतं. म्हणजे ज्याच्या हाती बैठक क्रमांक पडला, तो कोणीही मुलाच्या आधी निकाल पाहू शकतो. ‘नंबर पाठव गं, मी ऑफिसात बसून बघते’ असं म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते. तिला नंबर देऊ नये. निकाल आधी मुलाने पाहावा, हवं असेल तर एकट्याने पाहावा. मोबाइल कोण हातात धरणार, शेजारी कोण असावं, कोण नसलेलं बरं, हे मुलाला विचारूनच ठरवावं. काही मुलांना आई हवी असते, काहींना आजी, काहींना कोणीच नको असतं. एकट्याने पाहणार असेल तरी घरात एक मोठं माणूस हवंच. आई-वडील दोघंही नोकरी करणारे असतील तर एकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकावी. बारावीच्या मुलाला ‘आता मोठा झालास’ म्हणून यातून वगळू नये.

एक वाजता संकेतस्थळावर गर्दी होते, पान उघडत नाही, दहा-पंधरा मिनिटं नुसतं चक्र फिरत राहतं. ही दहा मिनिटं फार वाईट जातात. हात गार पडतात, पोटात गोळा येतो, श्वास भराभर चालतो. अशा वेळी ‘दीर्घ श्वास घे’ म्हणू नका. घाबरलेलं मूल मोठमोठे श्वास आत ओढत राहतं, त्याने चक्कर आल्यासारखं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. श्वास सोडण्यावर भर हवा: पाय जमिनीला टेकवून बसायचं, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यायचा, सहा मोजत सावकाश सोडायचा. असे दहा श्वास दोन मिनिटांच्या आत होतात. पालकांनी शेजारी बसून आपणही करावेत, सूचना देत उभं राहू नये. डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपवरही निकाल दिसतो, ते खातं आदल्या दिवशी उघडून ठेवलं तर थोडा ताण वाचतो.

आता निकाल दिसला. मूल पहिल्यांदा आकड्याकडे बघतं आणि लगेच तुमच्या चेहऱ्याकडे. चेहरा ठरवून बदलता येत नाही, आणि निर्विकार चेहरा मुलाला रागापेक्षाही भीतिदायक वाटतो. म्हणून चेहऱ्याची काळजी सोडून जवळ जाऊन बसावं, पाठीवर हात ठेवावा. बोलायचंच असेल तर ‘पाहिलं. मी इथेच आहे’ इतकं पुरे. पहिला अर्धा तास प्रश्न नकोत. विशेषतः ‘का’ने सुरू होणारा एकही नको. ‘गणितात इतके कमी का?’ याचं उत्तर त्या क्षणी मुलाकडे नसतं. असतं ते लाजेने उलट बोलणं किंवा दार लावून घेणं, आणि मग भांडण मार्कांवरून सरकून ‘उद्धट झालास’ इथे येऊन थांबतं. मार्कांचं भांडण मिटतं, उद्धटपणाचं वर्षभर चालतं.

रडू आलं तर येऊ द्यावं. ते सहसा आपोआप ओसरतं. मध्येच ‘रडतोस काय, जगात काय कमी दुःखं आहेत’ असं कोणी म्हटलं की मूल पुन्हा सुरुवातीपासून रडतं. मुलग्यांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं, कारण त्यांना रडायची परवानगी आधीपासूनच नसते. काही मुलं रडत नाहीत. हसतात, ‘ठीके ना’ म्हणतात, बॅट उचलून खाली खेळायला जातात. अशा मुलाला ‘काही लाज आहे का?’ असं हमखास ऐकावं लागतं. धक्का बसला की काही माणसं बधिर होतात, काही माणसं रोजचंच काम करत राहतात. घरात कोणी गेलं तेव्हा स्वयंपाक करत राहिलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत, त्यांना कोणी निर्लज्ज म्हणत नाही. त्या मुलाला खेळू द्यावं, पण रात्री त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं.

फोन. या एका गोष्टीने निम्मी दुपार बिघडते. आईला पंधरा फोन येतात. प्रत्येक फोनवर ती टक्के सांगते आणि पुढे जोडते, ‘थोडे कमीच पडले, आजारी होता ना मधे’ किंवा ‘अपेक्षा जास्त होती’. आतल्या खोलीत बसलेलं मूल हे पंधरा वेळा ऐकतं. एकदा बसलेला मार पंधरा वेळा बसतो. उपाय साधा आहे. एकच मजकूर मुलाला दाखवून तयार ठेवायचा: ‘निकाल लागला. आज आम्ही घरच्यांसोबत आहोत, एक-दोन दिवसांत बोलू.’ तोच सगळ्यांना पाठवायचा. टक्के लिहायचे की नाही हे मूल ठरवेल. फोन एकाच मोठ्या माणसाने घ्यायचे, जिन्यात किंवा गच्चीत जाऊन. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर इतर मुलांचे फोटो पेढ्यांसह पडत असतात. ते गट त्या दिवसापुरते बंद ठेवावेत, मुलाचेही आणि आपलेही. मुलाचा मोबाइल मात्र काढून घेऊ नये. त्याचा सगळ्यात मोठा आधार, म्हणजे तितकेच मार्क पडलेला मित्र, त्याच मोबाइलमध्ये असतो.

पालकांनाही वाईट वाटतं, ते वाटणारच. दहा वर्षांची धावपळ, क्लासची फी, कधी कधी त्यासाठी मोडलेली ठेव किंवा काढलेलं कर्ज. हे दुःख खोटं नाही, पण ते त्या दुपारी मुलाच्या कानावर पडू नये. दोन खोल्यांच्या घरात कुजबुजही ऐकू येते हे लक्षात ठेवावं आणि नवरा-बायकोने बाहेर फेरी मारत बोलावं. ‘दीड लाख घातले तुझ्यावर’ हे वाक्य मुलाला कर्जदार बनवतं आणि ज्याची परतफेड कधी होणार नाही असं कर्ज त्याच्या डोक्यावर ठेवतं. पैशाची खरोखर अडचण असेल तर ती लपवायचीही गरज नाही. आठवड्याभराने, कागदावर आकडे मांडून सांगावी: यंदा फीसाठी इतके आहेत, इतक्यांत कोणते पर्याय बसतात ते बघू. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला असा हिशोब कळतो आणि त्यात त्याचा मानही राहतो.

याहून नाजूक गोष्ट आईवर येणाऱ्या दोषाची आहे. पुष्कळ घरांत अभ्यास हे आईचं खातं मानलं जातं. निकाल कमी लागला की वडील किंवा आजी आईला बोलतात: ‘तुझ्याच लाडाने’, ‘घरात असून लक्ष नाही’. मूल स्वतःवरचं ओरडणं सोसतं. आपल्यामुळे आईला बोलणी खावी लागतात हे त्याला सोसत नाही. ‘मी नसतो तर आईला हे ऐकावं लागलं नसतं’ इथपर्यंत मुलांचा विचार जातो. म्हणून आदल्या आठवड्यात ठरवायच्या गोष्टींत ही सर्वांत वरची: निकालाच्या दिवशी घरातल्या कोणीही घरातल्या कोणालाही दोष द्यायचा नाही. आजी-आजोबांनाही हे स्पष्ट, पण प्रेमाने सांगावं लागतं, आणि ते सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने, म्हणजे वडिलांनी सांगितलेलं बरं.

ज्या घरात ९५ टक्के पडले त्यांनाही दोन शब्द. कौतुक करा, पेढे वाटा. फक्त कौतुक कशाचं करता ते पाहा. ‘तू हुशारच आहेस, नाव काढलंस’ एवढंच ऐकलेलं मूल अकरावी विज्ञानच्या पहिल्या चाचणीत ४० टक्क्यांवर येतं तेव्हा त्याला वाटतं, आपली हुशारी संपली. घरात ते सांगतही नाही. ‘भूमितीचे प्रश्न तू रोज सोडवून पाहिलेस, त्याचं चीज झालं’ असं कौतुक असेल, तर पुढे घसरल्यावर काय करायचं याची खूण त्यातच राहते. दहावीच्या टक्केवारीत सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरले जातात, वर कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळतात. अकरावीत यातलं काही नसतं, हेही मुलांना आधी कोणी सांगत नाही. धाकट्या भावंडाकडेही त्या दिवशी बघावं. ताईला सोसायटीत मिरवताना पाहून ते मनातल्या मनात पुढच्या वर्षाची भीती साठवत असतं.

पहिल्या दिवशी पुढच्या वाटांची चर्चा उघडू नये. धक्क्यात असलेल्या डोक्यात माहिती शिरत नाही आणि ‘बघ, पुरवणी आहे ना’ हे सांत्वन म्हणून सांगितलं तरी ‘तू नापास झालास’ एवढंच ऐकू येतं. घाईही नसते. गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांच्या अर्जांना निकालानंतर साधारण पंधरा दिवसांची मुदत मिळते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. इथे पालक हमखास दोन चुका करतात. मुलाला न विचारता सगळ्याच विषयांना अर्ज ठोकतात, किंवा ‘पेपर तपासणाऱ्यानेच घोळ घातला’ अशी महिनाभर आशा लावून ठेवतात. गुण वाढले नाहीत की मुलाला दुसरा निकाल लागल्यासारखं होतं. ज्या विषयात मुलाचा अंदाज आणि गुण यांत खरोखर मोठी तफावत आहे, त्याच विषयाची छायाप्रत मागवावी, विषयशिक्षकाला दाखवावी, मग ठरवावं. उत्तीर्ण होऊनही गुण पटले नाहीत तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षेला बसता येतं, त्यासाठी पुढच्या तीन परीक्षांच्या संधी मिळतात.

मूळ गुणपत्रिका काही दिवसांनी शाळेत मिळते. हा दुसरा अवघड दिवस, आणि तो कोणाच्या लक्षात राहत नाही. सगळा वर्ग एकत्र असतो, फळ्यावर पहिल्या पाचांची नावं असतात. मुलाला जायचं नसेल तर ‘तोंड लपवून काय होणार’ म्हणू नये. गर्दी ओसरल्यावर तासाभराने, पालकांसोबत किंवा एका मित्रासोबत जाता येतं. वर्गशिक्षकांना आधी फोन केला तर ते बहुधा समजून घेतात.

रात्रीकडे येतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि निकालाच्या आठवड्यात ती निम्म्यावर येते. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर इतरांचे निकाल पाहणं हे त्याचं मुख्य कारण. त्या दोन-तीन रात्री मुलाजवळ कोणी तरी झोपावं. ‘तुझ्यावर लक्ष ठेवायला’ असं न म्हणता, गप्पा मारायला म्हणून चुलत भावाला बोलावलं तरी चालतं. कडी आतून लावायची नाही, एवढं आधी ठरवून घ्यावं. घरातल्या आजी-आजोबांच्या गोळ्या, शेतीची औषधं कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे असावी. ही खबरदारी सगळ्याच घरांनी घ्यायची, मूल कितीही हसतखेळत दिसलं तरी. जीव देण्याच्या विचारांची लाट बहुतेक वेळा थोड्या काळाची असते. त्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसणं आणि माणूस जवळ असणं, या दोन गोष्टींनी जीव वाचतात.

‘मी सगळ्यांवर ओझं आहे’, ‘आता काही अर्थ नाही’ असं मूल बोललं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, निरोपासारखे संदेश पाठवू लागलं किंवा दोन दिवस तळमळून एकदम शांत झालं, तर सरळ विचारावं: ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी तरी विचारलं याची सुटका वाटते. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नये, ‘आमचा काही विचार केलास का?’ म्हणू नये, आणि शपथ घालू नये. शपथ घातलेलं मूल पुढच्या वेळी सांगत नाही, इतकाच तिचा परिणाम. ‘सांगितलंस हे बरं केलंस’ म्हणावं, एक क्षणही एकटं सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. मूल स्वतः फोन करू शकतं असा १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. धोका समोर दिसत असेल तर फोनची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं किंवा ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळणारी घरं अजून आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा करायची नाही, तिच्या उपचारांची व्यवस्था सरकारने करायची, असं हा कायदा म्हणतो.

निकालाचं दुःख साधारण आठवडा-दहा दिवसांत हलकं होऊ लागतं. मूल जेवायला लागतं, चिडवलं तर हसतं. दोन आठवडे उलटूनही झोप-भूक बिघडलेली असेल, मित्रांना टाळत असेल, सतत चिडचिड करत असेल तर ते निकालापुरतं राहिलेलं नाही. या वयात नैराश्य उदास चेहऱ्याने येईलच असं नाही, चिडखोरपणानेही येतं, आणि पोटदुखी-डोकेदुखीनेही. पालक पोटाच्या डॉक्टरांकडे तीन फेऱ्या मारतात, सोनोग्राफी होते, काही सापडत नाही. मग ‘नाटकं करतो’ ठरतं. दुखणं खरंच असतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. साठ मुलांच्या वर्गात ही चार-पाच मुलं होतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिकं १० ते १९ वयोगटासाठीच आहेत. पहिल्या भेटीत बहुतेक वेळ बोलण्यात जातो, काही वेळ मुलाशी एकट्याशी. आई-वडिलांना बाहेर बसवलं म्हणून नाराज होऊ नये आणि घरी जाताना रिक्षात ‘काय विचारलं, तू काय सांगितलंस’ अशी उलटतपासणी घेऊ नये. गोळ्या प्रत्येकाला लागतात असं नाही. लागल्या तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नयेत, कारण त्रास उलटण्याची सर्वांत नेहमीची वाट तीच आहे.

शेवटी आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे, काही मागणं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि १,७६४ हा सर्वाधिक आकडा महाराष्ट्राचा होता. अशी घटना घडली की ‘कमी गुण मिळाल्याने’ असं एका ओळीत कारण छापलं जातं. कारण कधीच इतकं एकपदरी नसतं, आणि तितकेच गुण मिळालेली हजारो मुलं त्या दिवशी ती ओळ वाचत असतात. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: ठळक जागा नको, पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको. निकालाच्या दिवशी तरी त्या वृत्तसंपादकांच्या टेबलावर असाव्यात. शंभर टक्के मिळवणाऱ्यांचे फोटो छापू नका असं आम्ही म्हणत नाही, ते त्यांच्या मेहनतीचे आहेत. मात्र त्या पानावर पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत, एटीकेटीचा नियम आणि १४४१६ हा क्रमांक असलेली एक चौकट हवी. ती आतल्या पानावर किंवा ‘थोडक्यात’मध्ये नको, निकालाच्या मुख्य बातमीला लागूनच हवी. क्रमांकाचा टाइप टक्केवारीच्या टाइपाइतका मोठा असावा. आणि ती निकालाच्या आदल्या दिवशीच्या अंकातही छापावी, कारण निकाल कधी आणि कुठे पाहायचा हे शोधायला मुलं तोच अंक पुढ्यात घेतात.

आपले,
माध्यमिक शाळांत समुपदेशनाचं काम करणारे काही जण, पुणे